मूडी आहे यार!

वणीला वीकेंड ट्रिप म्हटली की आपल्याला सप्तशृंगी गड आठवतो. शेजारचा पेठ तालुका कुणाला आठवतो? २०१३ ते २०१५ दरम्यान तिथल्या ४१ गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचा 'आत्मीयता' प्रकल्प चालला. गावातल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं. कुणाची सून गप्पगप्प, कुणाचा पोरगा जेवत नाही, ते हेरायचं. चार-सहा वेळा भेटून ऐकायचं, उपदेश नाही. मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायच्या. जास्त वाटलं तर डॉक्टर गाठायचा. पुढे २०१७ पासून हेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात सुरू झालं.

आणि आपल्या ऑफिसात? शेजारच्या क्युबिकलमधला रोज डबा न उघडताच घरी नेतो. आपण म्हणतो, 'मूडी आहे यार!' मंडळी, सायकॉलॉजीची डिग्री नको, पण ऐकणं शिकावं लागतं. पेठवाले शिकले. आवाक्याबाहेरचं वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ आहेच, मराठीतही बोलतात.