मेहंदी टिकवायची? कोनात काही मिसळू नका, गिऱ्हाईकाला नीट सांगा!

लग्नसराई आली की मेहंदीचं काम करणाऱ्या ताई एकच विचारतात, "रंग जास्त दिवस टिकायला कोनात काय टाकू?" माझं स्पष्ट मत: केमिकल काहीच नको. वेळ द्या.

मेहंदीच्या पानातला लॉसोन हा रंग कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरतो. म्हणून लेप सहा-आठ तास ठेवायचा, मग खरवडून काढायचा, धुवायचा नाही. पहिले 24 तास पाणी-साबण टाळायचा. केशरी रंग 48 तासांत गडद होतो. पुढे पाण्यात हात घालण्याआधी खोबरेल तेल लावायचं. म्हणूनच नवरीची ऑर्डर लग्नाच्या दोन दिवस आधीची घ्या.

"दहा मिनिटांत काळीभोर" म्हणून मिळणाऱ्या कोनात बऱ्याचदा पीपीडी असतं, केसांच्या डायमधलं रसायन. त्याने फोड येतात आणि ॲलर्जी जन्मभराची होऊ शकते. आपल्या वेवजी-तलासरीत, पलीकडे उंबरगावात, धंदा तोंडी जाहिरातीवर चालतो. एका नवरीच्या हाताला फोड आले, की अख्खा सीझन गेला समजा.

घरचा कोन फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो, मेहनत जास्त. मग दर तसा लावा ना! राजस्थानातल्या सोजतच्या मेहंदीला 2021 मध्ये जीआय टॅग मिळाला. ती पावडर वापरत असाल, तर गिऱ्हाईकाला अभिमानाने सांगा.

आणि काळजीच्या चार ओळींची चिठ्ठी आजच छापून घ्या. प्रत्येक ऑर्डरसोबत द्या, मागे तुमचा नंबर!