रस्ता ओलांडला की पन्नास लाख

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,

न्यूरोब्लास्टोमा हे लहान मुलांच्या एका कर्करोगाचे नाव तुमच्या खात्याला नवे नाही, त्यामुळे ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. आमच्यासारख्यांच्या अर्जांवर ते वर्षानुवर्षे लिहिले जाते आहे, आणि त्याच्याखाली 'संबंधित विभागाकडे वर्ग' हा शेराही. कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर, ते आम्हाला आता तोंडपाठ आहे. दुर्मीळ आजारांच्या टेबलावर सांगतात, हा कर्करोग आहे. कर्करोगाच्या टेबलावर सांगतात, इतके महागडे औषध आमच्या योजनेत बसत नाही, हा दुर्मीळ प्रकार आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, हीच तर अडचण आहे.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ साली आले. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा २० लाखांवरून ५० लाखांवर नेली. चांगले केलेत, हे मनापासून म्हणते. दुर्मीळ आजारांत काय काय मोडते हे सांगताना या धोरणाने आनुवंशिक आजारांच्या जोडीला दुर्मीळ कर्करोगांचेही नाव घेतले आहे. पुढे यादी सुरू होते, ती आता ६३ आजारांपर्यंत गेली आहे, आणि तिच्यात न्यूरोब्लास्टोमा नाही. व्याख्येत घेतले आणि पंगतीतून उठवले.

मुंबईत या धोरणाचे केंद्र केईएम रुग्णालयात आहे. टाटा रुग्णालय त्याला लागूनच. यादीतला आजार असलेल्या मुलाचे आईवडील केईएममध्ये ५० लाखांपर्यंतच्या मदतीसाठी अर्ज करू शकतात. टाटामध्ये पोटातल्या गाठीसाठी भरती झालेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या बापाने रस्ता ओलांडून तोच अर्ज मागितला, तर त्याला तो मिळत नाही. (टाटा तर तुमच्याही खात्याखाली नाही, अणुऊर्जा विभागाखाली आहे. म्हणजे वर्ग करायला आणखी एक विभाग आहेच.)

आता हिशेब. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख. तुमच्याच पदाच्या नावाने चालणाऱ्या कर्करोग रुग्ण निधीतून जास्तीत जास्त १५ लाख, तेही दारिद्र्यरेषेखालच्या घराला. अतिजोखमीच्या न्यूरोब्लास्टोमाला आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण, मग रेडिएशन. हे सगळे निभावून नेल्यावर गाठ पुन्हा उलटू नये म्हणून डायनुटुक्सिमॅब बीटा हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) द्यायचे, ३५-३५ दिवसांचे पाच फेरे. मार्च २०२३ मध्ये एका मुलीसाठी ते परदेशातून मागवले, तेव्हा बातम्यांत आलेली किंमत होती ६५ लाख आणि वर सुमारे ७ लाख जीएसटी.

६५ मधून ५ वजा करा. खरे तर करता येणार नाहीत, कारण ते केमोतच संपलेले असतात, पण करा. उरले ६०. तुमच्या निधीचे १५ पूर्ण मिळाले असे धरा. उरले ४५. म्हणजे दारिद्र्यरेषेखाली असल्याचा दाखला आणलेल्या घराने ४५ लाख उभे करायचे. आणि ज्याची मिळकत दाखल्याच्या मर्यादेपेक्षा जरा जास्त, त्याने ६०.

त्या मुलीच्या औषधावरचा कर माफ झाला तो खासदार शशी थरूर यांनी अर्थमंत्र्यांना गळ घातल्यामुळे. पुढे ११ जुलै २०२३ च्या जीएसटी परिषदेने हे औषध करमुक्तच करून टाकले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात अट वाचली: व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी आयात केले तरच. सवलत कुणाला? ज्याच्याकडे आधीच ६५ लाख आहेत त्याला. एखाद्या रुग्णालयाने दहा मुलांसाठी एकदम मागवून भाव पाडून घ्यायचा म्हटले, तर ती आयात या ओळीत बसत नाही. मुलाच्या उपचारासाठी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहणाऱ्या माणसाने परदेशी कंपनीशी, परवान्यांशी, शीतपेटीतल्या वाहतुकीशी एकट्याने झगडायचे. वर टक्कल पडलेल्या मुलाचा फोटो फोनवर फिरवून वर्गणी गोळा करायची. प्रत्यारोपणानंतर औषध सुरू करायला हातात काही महिनेच असतात. वर्गणीला हे कळत नाही.

औषधाचा उपयोग किती, असा प्रश्न तुमच्या तज्ज्ञ समितीला पडला असेल तर २०१० सालचे उत्तर तयार आहे. याच जातीच्या प्रतिपिंडाची अमेरिकेत २२६ मुलांवर चाचणी झाली. दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुले ६६ टक्के, जुन्याच उपचारावर ४६ टक्के. २० टक्क्यांचा फरक! त्यानंतर २०१५ मध्ये अमेरिकेने आणि २०१७ मध्ये युरोपने या औषधांना मान्यता दिली.

आणि ही औषधे मुळात केली कुणी? खासगी कंपन्यांना रस नव्हता, मुले मूठभर, बाजार छोटा. अमेरिकेत चाचणीसाठीचे प्रतिपिंड सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने स्वतः तयार करून पुरवले. युरोपात बालकर्करोगतज्ज्ञांच्या जाळ्याने तेच केले. कंपन्या नंतर आल्या.

इथे तसे होणार नाही म्हणणाऱ्याला मी हैदराबादकडे बोट दाखवीन. रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाची भारतीय आवृत्ती तिथे २००७ मध्ये बाजारात आली. तेही प्रतिपिंडच, आणि तेही डायनुटुक्सिमॅब बीटासारखे हॅमस्टरच्या पेशींतच वाढवतात. मग मुंबईकडे दाखवीन. आयआयटी आणि टाटाने मिळून केलेली कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात. उद्घाटनाला राष्ट्रपती आल्या होत्या. हात आहेत, प्रयोगशाळा आहेत. मागणी किती मुलांची, हे कुणी विचारलेले नाही आणि संशोधनाला पैसा कोण देणार हेही कुणी ठरवलेले नाही. मुंबईत कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे. पण या मुलांना कोणता उपचार मिळाला, किती जणांनी अर्ध्यात सोडला, किती जणांना प्रतिपिंड परवडले, हे देशभरचे एकत्र सांगणारी वही तुम्ही अजून उघडलेली नाही.

घाऊक खरेदीचा धडाही तुमच्या समोरच आहे. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधल्या २३ रुग्णालयांनी ४० औषधे एकत्र घेतली आणि १,३०० कोटींहून जास्त वाचवले. त्या यादीत हे एक्केचाळिसावे का नसावे? मुले कमी आहेत म्हणून? कमी आहेत म्हणून तर एकत्र खरेदी हवी. शंभर घरांनी शंभर ठिकाणी भाव करायचा, हा कसला कारभार आहे?

तेव्हा अतिजोखमीचा न्यूरोब्लास्टोमा दुर्मीळ आजारांच्या यादीत घाला आणि टाटाला त्या आजारापुरते केंद्र माना. आयातीची सवलत रुग्णालयांना आणि ग्रिडला लागू करून घ्या. अर्थमंत्री तुमच्याच मंत्रिमंडळात बसतात, त्यांना सांगायला खासदाराची चिठ्ठी लागू नये. आणि देशी प्रतिपिंडाच्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडून प्रस्ताव मागवा, तारीख घालून.

उत्तर पाठवाल ही अपेक्षा आहे. फक्त त्यात 'योग्य विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे' हे वाक्य नको. दुर्मीळ आजारांचे धोरण तुमचे आहे, कर्करोग निधीही तुमचाच आहे.

आपली,
रुग्णांच्या फाइली भरून देणारी एक स्वयंसेविका,
परळ, मुंबई