मलिक अंबरने बाकीच्यांना का सोडवले नाही?



गेल्या महिन्यात इतिहासाच्या तासाला मलिक अंबरविषयी सांगत होते. हा धडा मुलांना फार आवडतो. बाजारात विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे मोगल बादशहाला पुरून उरतो, हे ऐकताना मागच्या बाकावरची मुलेही ताठ बसतात. या वेळी त्यांच्यातल्याच एकाने हात वर केला आणि विचारले, "टीचर, तो स्वतः गुलाम होता ना? मग मोठा झाल्यावर त्याने बाकीच्या गुलामांना का नाही सोडवले?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. पण प्रश्न माझ्यासोबत घरी आला. त्याचे उत्तर आज इथे देण्याचा प्रयत्न करते.

आपल्या चौलपासूनच सुरुवात करू. आज चौल म्हटले की नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात. पण हे फार जुने बंदर. अरब लोक याला सैमूर म्हणत. हिजरी 304 च्या सुमारास, म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी, अल-मसऊदी हा प्रवासी इथे आला. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे चौल निजामशाहीचे समुद्राकडचे दार झाले. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगिजांनी 1521 मध्ये किल्ला बांधायला घेतला. या किनाऱ्यावर घोडे उतरत, मसाले आणि कापड चढे. इथले कापड पूर्व आफ्रिकेपर्यंत जाई. आणि हिंदुस्थानी कापडाच्या बदल्यात तिकडून येणाऱ्या मालात माणसेही असत. ज्या व्यापारामुळे आपले गाव भरभराटले, त्यात माणसांची किंमतही मोजली जात होती.

मलिक अंबर त्याच व्यापारात सापडलेला. जन्म इथिओपियातला, 1548 च्या सुमाराचा. त्याचे आधीचे नाव चापू असल्याचे सांगतात. विकला जात जात तो बगदादला पोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखान स्वतःही हबशी, आणि एकेकाळचा गुलाम. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. चंगेझखान वारल्यावर त्याच्या बेवेने अंबरला मुक्त केले.

मुक्त झालेल्या माणसाजवळ घोडा आणि तलवार, एवढेच भांडवल. काही वर्षे त्याने विजापूरकडे चाकरी केली. तो परत आला तेव्हा अहमदनगरच्या दरबारात आपसातच युद्ध पेटले होते. गादीवर कोण बसणार यावरून सरदारांचे गट एकमेकांवर उठले होते. एका गटाने तर मोगलांनाच बोलावणे धाडले. चांदबिबीने किल्ला लढवला, पण अखेर आपल्याच लोकांच्या हातून तिचा जीव गेला. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेले.

निजामशाही संपली असे सर्वांना वाटत असताना अंबरने परांड्याला मूर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवले. स्वतः गादीवर बसला नाही. ताकद होती, पण लोक शाही घराण्याभोवती जमतील, आपल्याभोवती नाही, हे तो ओळखून होता. राजू दखनी नावाचा दुसरा सरदार त्याच्या बरोबरीने उभा होता. दोघांच्या भांडणाचा फायदा मोगल घेत राहिले. 1607 च्या सुमारास अंबरने राजूला हरवले आणि मगच मोगलांकडे पुरते तोंड वळवले. आधी घर एक करायचे, मग बाहेरच्याशी लढायचे, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा युद्धाचा. मोगलांची फौज म्हणजे एक चालते शहर. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे. मैदानात तिच्यासमोर उभे राहणे म्हणजे हरणे. म्हणून अंबर मैदानात उभाच राहिला नाही. हलक्या घोड्यांवरचे मराठे आणि दखनी स्वार पाठवून तो रसद तोडी, रात्री छापे घाली आणि डोंगरात दिसेनासा होई. मोगल त्याला बर्गीगिरी म्हणत, आपण गनिमी कावा म्हणतो. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या वाटेत चिखल केला, त्यांचे धान्य तोडले आणि त्यांना हरवले. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने होते.

तिसरा धडा राज्य चालवण्याचा. लढाईला पैसा लागतो आणि पैसा रयतेकडून येतो. रयतेला लुटले तर एक वर्ष भागते. अंबरने जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवला. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. ती आजही नहर-ए-अंबरी म्हणूनच ओळखली जाते. मराठे, हबशी, दखनी मुसलमान अशा सर्वांना त्याने एका कामाला लावले.

तो कधी चुकलाच नाही असे नाही. त्याचे काही मोठे मराठा सरदार नाराज होऊन मोगलांकडे गेले. 1616 मध्ये रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि खडकी जाळली गेली. तो पुन्हा उभा राहिला. जहांगीरचा त्याच्यावर एवढा राग, की बादशहाने अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच मिळाले नाही. 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. अंबरच्या फौजेतही विकत आणलेले हबशी होते. ज्या वाटेने तो आला, ती वाट त्याने बंद केली नाही. चंगेझखानानेही केली नव्हती. गुलामीतून वर आलेल्या माणसानेच पुढे गुलाम ठेवले.

"काळच तसा होता" असे उत्तर देता येईल, आणि ते खोटे नाही. पण पुरेसे आहे का?

अंबरनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी अमेरिकेत गुलामीवरून घरातलेच युद्ध झाले, 1861 ते 1865. तिथे सुमारे चाळीस लाख गुलाम होते. दक्षिणेच्या अकरा राज्यांनी देश सोडला. अध्यक्ष लिंकन यांनी सुरुवातीला सांगितले की हे युद्ध देश एक ठेवण्यासाठी आहे. त्यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. तिथला कापूस अडकला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचे वेड पसरले आणि 1865 मध्ये बुडाले. पण नुसती बंदरे रोखून युद्ध संपेना. शेवटी 1 जानेवारी 1863 रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त असल्याचे जाहीर केले. ज्या मजुरांवर दक्षिणेची शेती उभी होती, ते शेत सोडून निघू लागले. सुमारे 1 लाख 80 हजार काळे शिपाई लिंकनच्या फौजेत लढले. लढाईचा डाव आणि न्याय इथे एका जागी आला. 1865 च्या डिसेंबरात देशाच्या घटनेतच गुलामी बंद झाली. ते पाहायला लिंकन उरले नव्हते. आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले.

फरक इथे आहे. अंबर हा एक गुलाम स्वतःच्या हिमतीने वर आला. अमेरिकेत कायदा बदलला, म्हणून लाखो माणसे सुटली. एक माणूस वर गेला म्हणजे जिना सर्वांसाठी खुला झाला असे होत नाही.

आणि आपल्याला "काळच तसा होता" म्हणून सुटता येत नाही, कारण आपल्याजवळ त्याच्याही हजार वर्षे आधीपासून कुरआन होता. सूरह अल-बलदमध्ये अवघड चढणीची गोष्ट आहे, आणि त्या चढणीची पहिली पायरी सांगितली आहे ती मान सोडवण्याची, म्हणजे गुलाम मुक्त करण्याची. शपथ मोडली तर कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करा, जकातीचा एक हिस्सा त्यासाठी ठेवा, असे मार्ग दाखवले. हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन मुक्त केले. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना खाऊ घाला, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. दार उघडून दिले होते. दरबारांनी ते पुरते उघडले नाही, हा दरबारांचा दोष आहे, दीनचा नाही.

हे लिहिताना मला एक दावत आठवते. घर भरलेले होते. ताटे उचलायला एक मुलगी होती, बारा वर्षांची असेल. सर्वांचे जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून उरलेले खात होती. कोणी विचारले तर घरची मंडळी म्हणाली, "आमच्या घरच्यासारखीच आहे." घरच्या मुली त्या वेळी झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी शिक्षिका, पण ती शाळेत जाते का, एवढेही विचारले नाही. पान खाल्ले आणि घरी आले.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणे 2006 पासून कायद्याने बंद आहे. वेठबिगारी 1976 पासून बंद आहे. तरी आपल्याच रायगड जिल्ह्यात वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेली कातकरी कुटुंबे ती उचल फेडता फेडता वर्षे घालवतात. उचलीचा हिशोब मालकाच्या वहीत आणि वही वाचता येत नाही, मग सुटणार कसे?

पुढच्या तासाला मी त्या मुलाला सांगितले, "बेटा, अंबर मोठा होता. पण हे एक काम त्याच्या हातून राहिले." तो म्हणाला, "मग आता कोण करणार?" वर्गात कोणी हसले नाही.

म्हणून या महिन्यात एवढेच करू. आपल्या घरात, नात्यात, शेजारी एखादे मूल कामाला असेल तर त्याचे वय आणि शाळा विचारू. ते संकटात असेल तर 1098 वर फोन करू. कामाला मोठी बाई असेल तर तिचा पगार ठरल्या तारखेला देऊ, आणि आपण जेवतो तेच तिला आपल्यासोबत वाढू. मी त्या दावतीच्या घरी पुन्हा जाऊन आले. मुलीला जूनमध्ये शाळेत घालायचे त्यांनी कबूल केले आहे. जूनमध्ये मी विचारायला जाणार आहे.

अल्लाह आपल्याला मान सोडवणाऱ्यांमध्ये सामील करो. आमीन.