निवड संघाची, किंमत खेळाडूची

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावी तीन दिवस लाखो माणसांची रीघ लागली होती. त्या तीन दिवसांत तेथे एकही सामना व्हायचा नव्हता. एका व्यासपीठावरून तरुण खेळाडूंची नावे तेवढी पुकारली जायची होती. प्रत्येक नावासरशी कोठे जल्लोष उठत होता, कोठे निराशेचा सुस्कारा. यजमान ग्रीन बे पॅकर्स संघाची पाळी तेविसाव्या क्रमांकावर आली आणि टेक्सास विद्यापीठाच्या मॅथ्यू गोल्डन या चपळ खेळाडूचे नाव पुकारले गेले, तेव्हा जमलेल्या गर्दीला आनंदाचे भरते आले. लांबवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू संघाने पहिल्याच फेरीत घ्यावा, ही तेथील अनेक चाहत्यांची जुनी मागणी होती. ती २००२ नंतर प्रथमच पुरी होत होती. एवढ्याशा मागणीसाठी तेवीस वर्षे वाट पाहणारा हा चाहता कोण आणि ज्या संघावर तो जीव टाकतो त्या संघाच्या निर्णयांत त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न केवळ खेळापुरता मर्यादित नाही.

अमेरिकन फुटबॉल हा बव्हंशी नावापुरताच पायांचा खेळ आहे. चेंडू हाताने फेकायचा किंवा उराशी धरून धावायचे आणि समोरच्या धिप्पाड फळीने तो अडवायचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. नॅशनल फुटबॉल लीग या त्याच्या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. महाविद्यालयीन मैदानांवर नाव कमावलेल्या तरुणांची या संघांत दर वर्षी सात फेऱ्यांत वाटणी होते. तिलाच ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याचा निवडीचा हक्क पहिला, जो विजेता ठरला त्याचा शेवटचा. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये ती प्रथम अमलात आली. बेल यांचा स्वतःचा संघ तेव्हा दुबळा होता. त्यामुळे त्यांच्या सूचनेत स्वार्थाचा अंश नव्हता असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांचे निदान अचूक होते. धनवान संघांनी पैशाच्या बळावर उत्तम खेळाडू उचलावेत आणि बाकीच्यांनी हरत राहावे असे चालू राहिले, तर अखेर धनवानांना खेळण्यासाठी प्रतिस्पर्धीच उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. खुल्या बाजारपेठेचा जगभर पुरस्कार करणाऱ्या देशाने आपल्या सर्वांत लोकप्रिय खेळात मात्र बाजाराला असा लगाम घालावा, हा विरोधाभास मोठा बोलका आहे.

या लगामाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला असेल, तर तो ग्रीन बेला. २०२० च्या जनगणनेनुसार या गावाची वस्ती अवघी एक लाख सात हजारांच्या आसपास आहे. १९१९ मध्ये संघ स्थापन झाला तेव्हा खेळाडूंच्या गणवेशांसाठी पैसे एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने दिले. पॅकर्स हे नाव त्या उपकाराची खूण म्हणून राहिले. त्या काळी अनेक लहान गावांचे असे संघ होते. ते एकामागून एक बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले. ग्रीन बेचा संघ टिकला, कारण त्याला कोणी एक मालक नाही. १९२३ पासून सहा वेळा समभाग विकून गावाने आणि गावाबाहेरच्या चाहत्यांनी त्याला उभे ठेवले आहे. आज या संघाचे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. इतर कोणत्याही संघाला अशी मालकी ठेवण्याची मुभा लीगच्या नियमांनी उरलेली नाही. पण केवळ लोकांच्या मालकीवर हा संघ तगला असता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दूरचित्रवाणीचे हक्क सर्व संघांनी एकत्र विकण्यास १९६१ च्या कायद्याने परवानगी दिली आणि ते उत्पन्न सर्वांत सारखे वाटले जाऊ लागले. १९९४ पासून प्रत्येक संघाने वेतनावर किती खर्च करायचा याचीही कमाल मर्यादा ठरली. २०२५ साली ती सुमारे २८ कोटी डॉलर होती. ड्राफ्ट, समान वाटणी आणि वेतनमर्यादा या तीन खांबांवर हे छोटे गाव न्यूयॉर्क आणि शिकागोसारख्या महानगरांच्या तोडीस तोड उभे आहे.

पाच लाख मालक असलेल्या या संघात मालकाचे अधिकार मात्र नाममात्र आहेत. या समभागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही आणि त्याचे मोल कधी वाढत नाही. भागधारक वार्षिक सभेला जातो, संचालकांना मत देतो आणि समभागाचे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावतो. कोणता खेळाडू घ्यावा आणि कोणता सोडावा, हे सरव्यवस्थापक ठरवितो. चाहत्याच्या हाती राहते ती फक्त चर्चा, आणि ती तो वर्षभर मनसोक्त करीत असतो.

या चर्चेचा आजवरचा हिशेब मांडला, तर चाहता आणि व्यवस्थापन या दोघांनाही नम्र व्हावे लागेल. १९५६ साली पॅकर्सनी सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर, बार्ट स्टार या तरुणाला घेतले. तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला आणि चेंडू फेकणारा खेळाडू. इतक्या मागच्या निवडीची दखल कोण घेणार! पण व्हिन्स लोम्बार्डी यांच्या मार्गदर्शनाखाली याच स्टारने १९६१ ते १९६७ या काळात संघाला पाच अजिंक्यपदे मिळवून दिली. उलट १९८९ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर टोनी मँडरिचची निवड झाली ती मोठा गाजावाजा होऊन. तो अपयशी ठरला, आणि त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने घेतलेला बॅरी सँडर्स खेळातील महान धावपटूंत गणला गेला. निवडीच्या दिवशीचा जल्लोष आणि त्या दिवशीचा संताप या दोहोंचीही किंमत किती थोडी असते, हे या दोन नावांवरून उघड होते.

अलीकडच्या काळात हाच अनुभव पुन्हा आला. २००५ मध्ये ब्रेट फाव्ह्‌र हा लाडका नायक खेळत असतानाच चोविसाव्या क्रमांकावर आरन रॉजर्सला घेण्यात आले. तीन वर्षे तो बाकावर बसला. २००८ मध्ये फाव्ह्‌रला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठविण्यात आले, तेव्हा गावात घराघरांत वाद झाले. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सनेच सुपर बोल जिंकून दिला. पुढे २०२० साली संघ अंतिम सामन्यापासून एकच विजय दूर राहिलेला असताना रॉजर्सच्या मदतीला खेळाडू द्यायचे सोडून व्यवस्थापनाने वरचा क्रमांक मिळवून जॉर्डन लव्ह हा त्याचा वारसदारच निवडला. चाहत्यांचा क्षोभ झाला. रॉजर्सने त्यानंतरची लागोपाठ दोन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू होऊन उत्तर दिले. २०२३ मध्ये तोही जेट्सकडेच गेला आणि लव्हने पहिल्याच पूर्ण हंगामात संघाला बाद फेरीत नेऊन डॅलसवर विजय मिळविला. येथे व्यवस्थापन बरोबर होते की चाहते? दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. व्यवस्थापनाला पुढच्या दहा वर्षांचा विचार करावा लागतो. चाहत्याला मात्र डोळ्यांसमोरचा नायक म्हातारा होण्यापूर्वी आणखी एकदा जिंकलेला पाहायचा असतो, आणि या इच्छेला अडाणीपणा म्हणून हिणविणे न्याय्य नाही.

परंतु या वादात तिसरा एक पक्ष आहे आणि त्याच्याकडे दोघांचेही दुर्लक्ष होते. तो पक्ष खेळाडूचा. ज्या समतेवर ग्रीन बे जगते, तिची किंमत तोच मोजतो. शिक्षक झालेला तरुण चार शाळांत अर्ज करतो आणि मिळाली तर आवडीची नोकरी धरतो. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या तरुणाला ही मुभा नसते. ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच करार करायचा, नाहीतर हा व्यवसाय निदान काही काळ दूर ठेवायचा. १९३६ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बर्वँगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. वॉशिंग्टन संघाने १९६८ मध्ये निवडलेल्या जेम्स स्मिथ याची मान पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात दुखावली आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. संघ निवडण्याचे स्वातंत्र्य असते तर अधिक चांगला करार पदरात पाडता आला असता, असे म्हणत तो न्यायालयात गेला. ड्राफ्टची तेव्हाची पद्धत स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करते, असा निर्णय १९७६ मध्ये झाला आणि १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो भंग मान्य केला. तरीही ड्राफ्ट टिकली ती खेळाडूंच्या संघटनेने सामुदायिक करारात तिला संमती दिली म्हणून. त्या बदल्यात संघटनेने इतर सवलती मिळविल्या, हे खरे. पण जो तरुण अद्याप संघटनेचा सदस्यही झालेला नाही त्याच्या स्वातंत्र्याचा सौदा आधीच झालेला असतो, हेही तितकेच खरे.

आणि निवड झाली म्हणजे स्थान पक्के झाले असेही नाही. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाजवळ सुमारे ९० खेळाडू असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑगस्टच्या अखेरीस, ही संख्या ५३ वर आणावी लागते. म्हणजे साऱ्या लीगमध्ये मिळून सुमारे बाराशे तरुणांची नावे यादीतून गळतात. काहींना सराव संघात जागा मिळते, बाकीच्यांना घरचा रस्ता धरावा लागतो. बहुतेकांच्या करारातील सारी रक्कम हमीची नसते, त्यामुळे यादीतून नाव गेले की पुढचे वेतनही जाते. चाहता त्या दिवशी यादी वाचतो आणि कोणती जागा मजबूत झाली, कोणती कच्ची राहिली याचा हिशेब करतो. कार्यालयातील कारकुनाला छाटणी या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण तोच कारकून संध्याकाळी चाहता झाला की छाटणीला ‘योग्य निर्णय’ म्हणू लागतो.

ऑगस्ट २०२५ मधील व्यवहाराने ही विसंगती अधिक ठळक केली. डॅलस संघाचा बलाढ्य बचावपटू मायका पार्सन्स याच्यासाठी पॅकर्सनी २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांतील पहिल्या फेरीचे हक्क दिले आणि त्यांच्या जोडीला केनी क्लार्क हा खेळाडू दिला. पार्सन्सशी चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. वर्षानुवर्षे सावधपणे चालणाऱ्या संघाने एवढे धाडस केल्याचा आनंद चाहत्यांना झाला आणि तो स्वाभाविकच होता. पुढे डिसेंबरमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला, तेव्हा त्याच धाडसाची किंमत मोजली जाऊ लागली. या साऱ्या हिशेबात क्लार्कचे नाव फारसे कोणी घेतले नाही. २०१६ पासून नऊ हंगाम त्याने फळीच्या मध्यभागी सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी डोळ्यांत भरणारे काम केले होते. व्यवहाराच्या कागदावर तो दोन निवडहक्कांच्या पुढे जोडलेली एक बाब झाला.

हे सारे दूरदेशीचे म्हणून महाराष्ट्रातील वाचकाने हसून सोडून देण्याजोगे नाही. खेळाडूंचे लिलाव आणि अदलाबदल आयपीएलमुळे येथेही घराघरांत पोहोचली आहे. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा २०२४ च्या हंगामात वानखेडे मैदानावर स्वतःच्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडविण्यात आली. निर्णय व्यवस्थापनाचा होता, शिक्षा खेळाडूला मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये विश्वचषक घेऊन तो त्याच मैदानात आला, तेव्हा त्याच्याच नावाचा जयघोष झाला. चाहत्याचे प्रेम सच्चे असते, परंतु त्याच्या रागाला पत्ता चुकविण्याची खोड असते.

म्हणून ड्राफ्ट मोडीत काढावी असे नव्हे. ती गेली तर ग्रीन बेसारखी गावे नकाशावरून पुसली जातील आणि खेळ चार महानगरांची मिरास होईल. लहानांना जगता यावे म्हणून मोठ्यांवर बंधन घालणारी व्यवस्था मोलाची आहे. पण त्या बंधनाचा भार मालकांपेक्षा विशी-बाविशीतील मुलांच्या खांद्यांवर अधिक पडतो, याची जाणीव ठेवणे ही त्या व्यवस्थेच्या लाभार्थ्यांची नैतिक जबाबदारी ठरते. ग्रीन बेचा चाहता तर लाभार्थीही आहे आणि कागदोपत्री मालकही. कोणाला निवडावे हे ठरविण्याचा हक्क त्याला नसला, तरी काढलेल्यांची विचारपूस करण्याचा हक्क त्याच्याकडून कोणी घेतलेला नाही. वेतनाची हमी, दुखापतीनंतरचा उपचार, यादीतून गळलेल्यांची पुढील सोय याविषयी त्याने वार्षिक सभेत प्रश्न विचारले, तर भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राला प्रथमच काही मोल येईल. एप्रिलमध्ये ज्याच्या नावाने गाव गर्जते, त्याचे नाव एखाद्या ऑगस्टमध्ये गळले तर त्याच गावाने निदान ते विसरू नये.