गिटार कुठली, बोली कुठली

रॉक ही आपली गोष्ट नव्हे, असं लातूर जिल्ह्यात दोन प्रकारची माणसं सारख्याच ठामपणे सांगतात. पहिली परंपरेचा अभिमान बाळगणारी. ज्या मुलखात औशाचं चक्री भजन आहे, मन्मथस्वामींचे अभंग आहेत, जागरण-गोंधळ आहे, तिथल्या पोरांनी गळ्यात गिटार अडकवणं म्हणजे घरचं टाकून परक्याच्या दारात उभं राहणं, असं त्यांना वाटतं. दुसरी माणसं रॉकची जाणकार. पुण्या-मुंबईत शिकून आलेली, बँडांची नावं तोंडपाठ असलेली. हे संगीत इंग्रजीतच शोभतं, शिरूर अनंतपाळच्या बोलीत त्याचं हसं होईल, असं त्यांचं मत. एकाच्या लेखी रॉक आपल्या लायकीचं नाही, दुसऱ्याच्या लेखी आपण रॉकच्या लायकीचे नाही. निकाल दोन्हींकडून सारखाच लागतो: शिरूर, देवणी, निलंगा, उदगीरच्या पोरांनी भजनी मंडळात बसावं, नाहीतर मोबाइलवर दुसऱ्यांची गाणी ऐकावीत. मला हे दोन्ही पक्ष साफ चुकीचे वाटतात.

परंपरावाल्यांचं आधी बघू, कारण त्यांच्या म्हणण्यात जिव्हाळा आहे आणि तो मलाही आहे. प्रश्न एवढाच की परकं वाद्य म्हणजे नेमकं कोणतं? ज्या पेटीशिवाय आज आपल्याकडचं भजन उभं राहत नाही, त्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या देबाँ नावाच्या कारागिरानं घेतलं. ती मिशनऱ्यांबरोबर आली, कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं. गावोगावच्या भजनी मंडळांना त्या बंदीनं काही फरक पडला नाही. वरातीच्या बँडमधली क्लॅरिनेट आणि पितळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींकडून आली. आणि गणपतीच्या मिरवणुकीत, जयंतीत पोरांना बेभान करणारा बँजो? जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो यानं ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडून आपल्या पोरांनी त्याचा बँजो केला. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' हा हिंदी सिनेमा केला तेव्हा त्यात बँजोवाला साकारला तो लातूरच्याच रितेश देशमुखनं. म्हणजे विजेवर चालणारं, कर्कश वाटेल इतकं मोठ्यानं वाजणारं, परदेशातून आलेलं तारवाद्य आपल्या रस्त्यावर किती तरी वर्षं वाजतंच आहे. त्याला आपलं म्हणायचं आणि गिटारला परकं, याला आधार कोणता?

परंपरा टिकते ती वाद्य बदलायला घाबरत नाही म्हणूनच. ज्यांना चक्री भजनाचा खरा अभिमान आहे त्यांनी त्यातलं फिरणं आणि सगळ्यांनी एका सुरात उठवलेला आवाज आठवावा. समूहाच्या अंगात भिनणारा ठेका ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या किंवा मँचेस्टरच्या पोरांची मक्तेदारी नाही.

आता जाणकारांकडे वळतो. त्यांना उत्तर द्यायला त्यांच्याच लाडक्या आर्क्टिक मंकीज या बँडची साक्ष काढावी लागेल, आणि ती थोडी सविस्तर.

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. १९८० च्या दशकात तिथल्या कारखान्यांतली हजारो माणसं घरी बसली. त्या शहराच्या उत्तर कडेला हाय ग्रीन नावाचं उपनगर आहे. २००१ च्या नाताळात तिथल्या दोन शेजारी पोरांना, अ‍ॅलेक्स टर्नर आणि जेमी कुक यांना, घरच्यांनी गिटार दिल्या. पुढच्या वर्षी मॅट हेल्डर्स ड्रमवर आणि अँडी निकोल्सन बेस गिटारवर येऊन आर्क्टिक मंकीज हा बँड उभा राहिला. १३ जून २००३ रोजी 'द ग्रेप्स' नावाच्या पबमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. त्यात दुसऱ्यांची गाणीही होती. न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्सचं वेड त्यांना होतं, द जॅमचा आणि मँचेस्टरच्या द स्मिथ्सचा संस्कार होता, हिप-हॉप त्यांनी शाळेपासून ऐकलेलं होतं, आणि सॅलफर्डचा कवी जॉन कूपर क्लार्क मंचावर भराभर कविता म्हणतो ती लय टर्नरच्या कानात बसली होती. म्हणजे प्रभाव अनेक, त्यातले बरेचसे बाहेरचे.

मग वेगळं काय झालं? टर्नर गायला तो आपल्या भागाच्या, यॉर्कशरच्या बोलीत. ब्रिटनमधले कितीतरी गायक माइकसमोर आले की अमेरिकन उच्चार धरतात. यानं धरले नाहीत. स्वर तसेच आडवे ठेवले, शेफील्डच्या पोरांच्या तोंडची वाक्यं तशीच ओळीत बसवली, आणि ती बसत नव्हती तिथं चाल वाकवली, बोली वाकवली नाही. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' हे त्यांचं सुरुवातीचं गाणं तर याच मुद्द्यावर आहे: यॉर्कशरमध्ये राहून अमेरिकेच्या रुबाबात वावरणाऱ्या बँडवाल्यांना त्यात सरळ फटकारलंय. 'व्हेन द सन गोज डाउन'मध्ये शेफील्डचा नीपसेंड हा भाग आहे, जिथं त्यांची सरावाची जागा होती आणि जिथं रात्री रस्त्यावर शरीरविक्रय चाले. बाकी गाण्यांत क्लबच्या दारावरचे पहारेकरी, टॅक्सीची रांग, शनिवारची रात्र. पहिल्या अल्बमचं नावसुद्धा अ‍ॅलन सिलिटो या कामगारवर्गाच्या कादंबरीकाराच्या पुस्तकातून उचललेलं. हा अल्बम २३ जानेवारी २००६ रोजी आला आणि पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. तोवर ब्रिटनमध्ये कुठल्याही बँडचा पहिला अल्बम इतक्या वेगानं खपला नव्हता. त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पारितोषिकही मिळालं.

म्हणून जाणकारांना माझं विचारणं आहे: ज्या बँडची तुम्ही पूजा करता त्यानं तुम्हाला शिकवलं काय? त्याचे उच्चार की त्याचा निर्धार? शिरूरचा पोरगा शेफील्डच्या उच्चारात गायला लागला तर तो आर्क्टिक मंकीजचा शिष्य नव्हे, त्या बँडनं ज्यांना फटकारलं त्यांचाच भाऊ ठरतो.

मराठीला रॉक पेलत नाही हे म्हणणंही असंच. इतर भारतीय भाषांकडे बघा. बंगालीत मोहिनेर घोडागुली १९७० च्या दशकातच हे करत होते. मल्याळममध्ये अवियल बँडचा अल्बम २००८ मध्ये आला. त्याच वर्षी रघु दीक्षितनं कन्नडमध्ये शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर आणली, आणि कर्नाटकची हद्द आमच्या निलंगा-देवणीला लागून आहे. मराठी मुलुखात मुंबईचा रॉक मशीन १९८४ पासून उभा होता, महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्यासारखी मंडळी त्यात होती. सगळे दुसऱ्यांची गाणी वाजवत असताना त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम १९८८ मध्ये काढला, हे धाडसच. पण तो बँड इंग्रजीत गायला.

अलीकडे 'अभंग रीपोस्ट' या मुंबईच्या बँडनं तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग ड्रम, बेस आणि गिटारवर बांधले. ज्या पोरांनी कधी गाथा उघडली नव्हती ती पोरं ते अभंग म्हणताना मी पाहतो, आणि त्यासाठी त्या बँडचे आभारच मानायला हवेत. माझा वाद त्यांच्याशी नाही. वाद आहे तो "मराठी रॉक करायचाच तर असा करा" असं म्हणणाऱ्यांशी. संतांच्या शब्दांखेरीज मराठीत रॉक खपवून घ्यायचा नाही, ही अट आली की आजची पोरं स्वतःचं काहीच बोलू शकत नाहीत. तुकोबांनी त्यांच्या काळचा दुष्काळ, आपलं बुडालेलं दुकान, घरातली कटकट त्यांच्या रोजच्या बोलीत मांडली. त्यांचा वारसा चालवायचा म्हणजे त्यांच्या दुष्काळावर आपली चाल चढवायची, की आपला दुष्काळ आपल्या बोलीत गायचा? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. अख्ख्या देशानं ती पाहिली. तिच्यावर बातम्या आल्या, भाषणं झाली. ते पाणी येईस्तोवर घागरी घेऊन रात्री जागलेल्या पोरांनी तिच्यावर गाणं का करू नये?

विषयांची वाण आमच्याकडे नाही. सोयाबीनचा भाव, शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहिलेली पोरं, स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली पुण्यात सरलेली वर्षं, रात्रीची ट्रॅव्हल्स, तिच्यात शेजारच्या सीटवर झोपलेला गावाकडचा ओळखीचा माणूस, शिरूरला १९९९ मध्ये तालुका झाल्यापासून वाढलेली दुकानं आणि तेवढीच राहिलेली कामं. या सगळ्यावर आमची पोरं पारावर बसून रोज बोलतात, चिडून बोलतात, हसून बोलतात. त्या बोलण्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी असं सगळं मिसळलेलं असतं, कारण १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात एकत्र होता. या बोलीला साहित्यात मान मिळालेला आहे. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जी भाषा आत्मचरित्र पेलते ती तीन मिनिटांचं गाणं पेलणार नाही? रॅपवाल्यांनी तर हे करूनच दाखवलंय. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच आपल्या भागाचा लहेजा लपवत नाही. मुंबईच्या 'स्वदेशी'नं आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईरांना सोबत घेऊन आरेच्या जंगलाचा प्रश्न गायला.

आता तिसरा एक आक्षेप, जो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. तो पोरांच्याच तोंडी असतो: आर्क्टिक मंकीज इंटरनेटवर एका रात्रीत मोठे झाले, आमचंही एखादं रील चाललं तर चाललं. ही दंतकथा आहे आणि ती घातक आहे. जून २००३ ते ऑक्टोबर २००५ या काळात तो बँड वाजवत होता. टर्नर शेफील्डच्या 'द बोर्डवॉक' या ठिकाणी बारवर कामाला होता. त्यांनी रेकॉर्ड केलेली गाणी सीडीवर उतरवून कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटली; लोकांनीच ती इंटरनेटवर चढवली. मे २००५ मध्ये स्वतःच्याच छोट्या लेबलवर पहिल्या मोजक्या प्रती काढल्या, मग डॉमिनो या स्वतंत्र कंपनीशी करार केला, आणि ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीकडून आलेलं पहिलं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्याला रात्र म्हणतात तिच्याआधी दोन वर्षांचा सराव आणि छोट्या छोट्या जागांवरचे कार्यक्रम होते.

आणि जागा होत्या. हेही प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे, नाहीतर आमच्या पोरांवर अन्याय होईल. शेफील्डमध्ये 'लेडमिल' १९८० पासून चालू होतं, पबमध्ये कोणत्याही नवख्या बँडला एखादी संध्याकाळ मिळू शकत होती, आणि आधीच्या पिढीत जार्व्हिस कॉकरचा पल्प त्याच शहरातून आला होता. पल्प १९७८ मध्ये सुरू झाला, नाव व्हायला दीड दशक लागलं. शिरूर अनंतपाळच्या पोरांना वाजवायला काय आहे? मंगल कार्यालय लग्नसराईत भरलेलं. गणपतीचा मंच दहा दिवस, जयंतीचा एक दिवस, जत्रेचे दोन. बँजो पार्टीची पोरं याच हंगामात पोट भरतात, उरलेलं वर्ष वाद्यं गुंडाळून ठेवतात. आपल्याकडेही स्वतःच्या पायावर उभी राहिलेली गाण्याची परंपरा आहे: वामनदादा कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले, भीमगीतांच्या कॅसेट दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर रस्त्यावर मांडून विकल्या गेल्या. पण त्या गाण्याला दरवर्षी ठरलेला श्रोता आणि ठरलेली जागा होती. बँडला ती नाही. चार माणसं, एक ड्रमसंच आणि आठवड्याला एक खोली, एवढ्याचीही सोय नसलेल्या गावाला "तुमच्यातून कुणी का येत नाही" असं विचारणं बरोबर नाही.

ही सोय होऊ शकते, आणि ती करायची जबाबदारी मी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठावर टाकतो. युवक महोत्सवात 'पाश्चात्य' गायनाचे गट असतात, आणि पाश्चात्य म्हटलं की इंग्रजी गाणं असंच धरलं जातं. मग आमच्या तालुक्यातली मुलं वर्षभर एक इंग्रजी गाणं घोटतात, त्यातल्या उच्चारांवर गुण मिळवतात किंवा गमावतात. त्या गटाच्या शेजारी आणखी एक गट ठेवावा: वाद्यं कोणतीही, बोली कोणतीही, फक्त गाणं गाणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं असावं. लातूरच्या उपकेंद्रात एक ड्रमसंच, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि एक खोली वर्षभर उघडी ठेवावी, येईल त्या कॉलेजच्या मुलांसाठी. मोठ्या शहरातल्या कॉलेजांना त्याची गरज नाही. जळकोट, देवणी आणि शिरूर अनंतपाळच्या मुलांना आहे.