तेल खाणारे बॅक्टेरिया: दूषित माती खरंच साफ होते का?

27 मे 2020 रोजी आसाममधल्या बाघजान इथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून गॅस अनियंत्रितपणे उसळू लागला. सोबत आलेलं तेलकट कंडेन्सेट आसपासची शेतं, चहाचे मळे आणि मागुरी-मोटापुंग पाणथळीपर्यंत पसरलं. अशी घटना घडली की तेल खाणारे बॅक्टेरिया टाका, माती साफ होईल, असा उपाय सोशल मीडियावर हमखास सुचवला जातो. यात तथ्य आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

बॅक्टेरिया तेल कसं खातात?

पेट्रोलियम म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. स्यूडोमोनास, रोडोकोकस असे मातीतलेच काही बॅक्टेरिया त्यावर जगतात. शेवटी त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. या पद्धतीला बायोरेमेडिएशन म्हणतात.

भारतात हे होतं का?

हो. टेरी या संस्थेने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ‘ऑइलझॅपर’ तयार केलं. यात निवडक बॅक्टेरिया मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळलेले असतात. ओएनजीसी आणि टेरीची यासाठी संयुक्त कंपनीही आहे.

मग अडतं कुठे?

बऱ्याचदा बॅक्टेरिया असतातच, कमी पडतात ती हवा आणि खतं. तेलात कार्बन भरपूर असतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नसतात. म्हणून माती पसरून त्यात खत घालावं लागतं, ओल टिकवावी लागते आणि ती वरचेवर उलथावी लागते. हे काम काही महिने चालतं.

1989 मध्ये अलास्काजवळ ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यांवर खत फवारून स्थानिक बॅक्टेरियांना बळ दिलं गेलं आणि त्याचा उपयोगही झाला. तरी 20 वर्षांनंतरही काही किनाऱ्यांवर वाळू-दगडांखाली तेल सापडलं. तिथे ऑक्सिजन पोहोचत नव्हता, हे त्याचं एक महत्त्वाचं कारण.

आणखी एक मर्यादा आहे. तेलाच्या गाळात शिसं, निकेलसारखे जड धातू असू शकतात. बॅक्टेरिया त्यांचं रूप बदलू शकतात, पण ते नष्ट करू शकत नाहीत. डांबरासारखे जड घटकही फार हळू विघटित होतात.

शेतकऱ्याने काय विचारायचं?

वरची माती काळी दिसत नाही, म्हणजे जमीन साफ झाली असं नाही. म्हणून कंपनीने उपचार पूर्ण झाल्याचं सांगितलं, तर तीन गोष्टी मागायला हव्यात: उपचाराआधी आणि नंतर मातीत एकूण किती पेट्रोलियम होतं याचे आकडे, नमुने किती खोलीवरून घेतले याची नोंद आणि जड धातूंचा वेगळा अहवाल. चाचणीही कंपनीबाहेरच्या प्रयोगशाळेत झालेली असावी. कारण पुढच्या हंगामात त्या मातीत पेरणी करायची की नाही, हा निर्णय शेवटी शेतकऱ्यालाच घ्यायचा असतो.