यादीबाहेरच्या बायका

परवा लालबागच्या एका सभेत वक्ते म्हणाले, "गिरणगाव उभारलं ते कोकणातून, घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मावशींनी मात्र हात उचलला नाही. तीस वर्षं त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवली, तीही उधारीवर.

मैत्रिणींनो, हा अर्धा इतिहास आपण किती दिवस ऐकायचा? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंगची खाती बायकांच्या हातांवर चालत. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी त्यांना संघटित केलं. पुढे रॅशनलायझेशन आलं आणि पहिली कुऱ्हाड बायकांवरच पडली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तेव्हा धुणीभांडी करून, पापड लाटून चूल कुणी पेटती ठेवली? त्याला आपले नेते 'साथ' म्हणतात. साथ कसली? ते काम होतं!

हा नुसता मानाचा प्रश्न नाही. गिरण्यांच्या जमिनींत सार्वजनिक घरांना वाटा देणारा १९९१ चा नियम २००१ साली मोकळ्या जागेपुरता आखडला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. भोंगा वाजायचा तिथे मॉल आले. उरल्यासुरल्या घरांसाठी अट काय? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत नोकरी. म्हणजे त्याआधीच घरी बसवलेल्या बायका बाद. खानावळवालीचं नाव तर हजेरीपटावर कधीच नव्हतं. बाई यादीत येते ती बहुतेकदा मेलेल्या नवऱ्याची वारस म्हणून.

"त्यांची मोजणी करायची कशी?" असं चळवळीतले भाऊ विचारतात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच खानावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. बँकेला त्या सापडल्या, मग सरकारला आणि युनियनला का सापडू नयेत?

"आधी घरं मिळू देत, मग बायकांचं बघू," हे तर आपण प्रत्येक लढ्यात ऐकलं. ते 'मग' कधी उजाडलं नाही. म्हणून आत्ताच मागू या: मिळणाऱ्या प्रत्येक घरावर नवराबायको दोघांची नावं, आणि खानावळवालीची कामगार म्हणून नोंद.

मावशींची टाळी त्या दिवशी वाजेल.